शब्द सगळे कळतात, हसू मात्र येत नाही: 'साझाए-सान' वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जपानी भाषेची एन-थ्री पातळीची परीक्षा पास झालात, जपानहून परतलेल्या मित्राने 'साझाए-सान' या वर्तमानपत्रातल्या जुन्या जपानी चित्रपट्टीचे दोन जुने खंड हातात ठेवले, शब्दकोश शेजारी घेऊन चाळीसेक पानं वाचलीत. अर्थ लागतो, पण हसू एकदाही फुटलं नाही. मग माझं जपानी कच्चं आहे की हा विनोदच शिळा झालाय, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक छोटी शंका: तारा हा साझाएचा मुलगा, मग तो कात्सुओला 'ओनीचान' म्हणजे दादा कसं म्हणतो? कात्सुओ तर त्याचा मामा!

मी पुण्यात बावीस वर्षं जपानी शिकवते आहे. पोटापाण्यासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करते आणि वर्गात चार चौकटींच्या चित्रपट्ट्या वापरते. त्या अनुभवावरून सांगते, तुमचं जपानी कच्चं नाही आणि विनोदही शिळा नाही. अडचण वेगळीच आहे. तुम्ही पुस्तक वाचताय आणि मजकूर आहे वर्तमानपत्राचा. वर्तमानपत्रातली चित्रपट्टी लिहिणारा वाचकाला कधीच संदर्भ सांगत नाही, कारण संदर्भ त्याच अंकाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. आपल्याकडे 1991 पासून 'सकाळ'मध्ये 'चिंटू' येऊ लागला, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, कैऱ्या किंवा परीक्षेचा निकाल कुणी समजावून दिला होता का? सकाळी चहाबरोबर वाचणाऱ्याला ते माहीतच होतं. साझाएचंही तेच, फक्त तिची सकाळ तुमच्यापेक्षा सत्तर वर्षं जुनी आहे.

तेव्हा आधी तारखा बघू. हासेगावा माचिको या बाईंनी ही पट्टी 22 एप्रिल 1946 रोजी फुकुओकाच्या 'युकान फुकुनिची' या स्थानिक सायंदैनिकात सुरू केली. त्या तेव्हा 26 वर्षांच्या होत्या. 1949 मध्ये ती 'आसाही शिंबुन'च्या संध्याकाळच्या आवृत्तीत गेली, 1951 मध्ये सकाळच्या आवृत्तीत आली आणि मध्ये काही काळ बंद राहिली ते सोडता 21 फेब्रुवारी 1974 पर्यंत चालली. सहा हजारांवर पट्ट्या झाल्या. म्हणजे युद्धात बेचिराख झालेला देश, मग अमेरिकी फौजांचा अंमल, मग घरोघरी आलेलं कपडे धुण्याचं यंत्र, फ्रिज आणि टीव्ही, 1964 चं टोकियो ऑलिंपिक आणि 1973 चा तेलाचा झटका, एवढं सगळं एकाच कुटुंबाच्या स्वयंपाकघरातून गेलं. आणि या 28 वर्षांत त्या घरातलं कुणी म्हातारं झालं नाही. कात्सुओ शाळकरीच राहिला आणि साझाएचे वडील नामिहेई, त्यांच्या टकलावरचा एकुलता एक केसही शाबूत राहिला. (टोकियोच्या साकुराशिनमाचीत, जिथे हासेगावा यांचं कलासंग्रहालय आहे, या मंडळींचे पुतळे आहेत. तिथल्या पुतळ्याचा तो केस मात्र लोकांनी उपटून नेला, एकदा नाही, अनेकदा.)

वय गोठलेलं आणि काळ धावता असल्यामुळे नवा वाचक हमखास फसतो. कात्सुओ तोच दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं काळही तोच. म्हणून माझा पहिला सल्ला असा की खंडात पट्टीचं वर्ष कुठे दिलं असेल तर आधी ते बघा. नसेल तर चित्रातल्या वस्तूंवरून अंदाज बांधा. घरात टीव्ही आहे का? बर्फाची पेटी आहे की विजेचा फ्रिज? बायका किमोनोत आहेत की झग्यात? वर्गात मी संवाद झाकून फक्त हेच विचारते. सुरुवातीला मुलं कंटाळतात, पण महिन्याभरात पाच-सात वर्षांच्या आतबाहेर काळ ओळखू लागतात.

तुम्ही लिहिलंय की एका खंडात सगळे सतत रांगेतच उभे दिसतात. तो सुरुवातीचा खंड असणार. तिथे 'हाइक्यू' शब्द आला की शब्दकोश 'वाटप' सांगेल आणि गप्प बसेल. हाइक्यू म्हणजे रेशन. तेही अपुरं आणि उशिरा मिळणारं. त्याचं जुळं भावंड म्हणजे काळाबाजार, आणि तिसरा शब्द 'काइदाशी', म्हणजे खचाखच भरलेल्या गाडीने खेड्यात जायचं आणि घरातले किमोनो देऊन तांदूळ किंवा रताळी आणायची. हे शब्द कळले तरी हसू येणार नाही, कारण ते पोटातून यावे लागतात. महाराष्ट्रात साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणाहीसमोर 'मिलो' एवढंच म्हणून बघा. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती लाल ज्वारी. तोंड वाकडं होईल आणि मग हसूही येईल. 'हाइक्यू' वाचताना त्या काळच्या वाचकाचा चेहरा तसा व्हायचा.

याच काळातली आणखी एक तारीख सांगते, कारण त्याशिवाय साझाए कळत नाही. जपानी स्त्रियांनी संसदेच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं 10 एप्रिल 1946 ला, आणि 39 स्त्रिया निवडून आल्या. बारा दिवसांनी ही पट्टी सुरू झाली. साझाए मोठ्याने हसते, धाकट्या भावाच्या मागे पाठलाग करते, पाकीट घरी विसरून बाजाराला जाते. जपानीत अशा व्यक्तीला 'आवातेमोनो' म्हणतात, आपण धांदरट म्हणू. आज ती आपल्याला नुसती विनोदी वाटते. 1946 मध्ये खाली मान घालून चालणाऱ्या सुनांच्या देशात एक लग्नाची मुलगी वर्तमानपत्रात रोज एवढा धांगडधिंगा घालते, यातच निम्मा विनोद होता. हासेगावा यांना त्याची पुरती जाण होती असं मला वाटतं. वडील लवकर गेले. मोठ्या बहिणीबरोबर त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि तिचं नावच 'शिमाइशा', म्हणजे बहिणींची कंपनी, असं ठेवलं. ज्या घरात कर्ता पुरुष नाही, तिथे बाईचं मोठ्याने बोलणं हा विनोद नसतो, गरज असते.

आता तुमच्या मामाच्या शंकेकडे येते. जपानी घरात नातं घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या जागेवरून मोजलं जातं, पण ते वंशावळीप्रमाणे नाही तर वयाच्या आणि वावराच्या अंतराने. तारा तीन वर्षांचा, कात्सुओ अकराचा, दोघं एका घरात वाढताहेत, म्हणून 'कात्सुओ ओनीचान'. 'ओजीसान', म्हणजे काका-मामा, म्हटलं तर अकरा वर्षांच्या पोराला मिशा फुटल्यासारखं वाटेल. आपल्याला यात नवल वाटायला नको. जुन्या एकत्र कुटुंबात वाढलेली कितीतरी मराठी माणसं जन्मदात्या आईला 'वहिनी' किंवा 'काकू' म्हणायची, आणि वडिलांना 'दादा' किंवा 'काका', कारण घरातली बाकीची पोरं तशी हाक मारायची. नातं एक, हाक दुसरी. हे ज्याच्या घरात होतं त्याला जपानी हाकांचा नियम शिकवावा लागत नाही.

भाषांतर करताना मात्र इथेच घसरायला होतं, आणि मीही घसरलेय. सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यांच्या एका हस्तलिखितासाठी मी ओनीचानचा सरळ 'मामा' केला. वंशावळ बरोबर आली, पण पट्टी मेली. त्या पट्टीत तारा आणि कात्सुओ मिळून खाऊ चोरतात. दोन भावांची चोरी वाटते तीत खोडी असते. मामा-भाच्याची चोरी वाटली की मामाच बेजबाबदार वाटू लागतो. पुढच्या वेळी मी 'कात्सुदादा' केलं आणि कुणीच विचारलं नाही की हा मामा ना.

हाकांबद्दल आणखी दोन गोष्टी. पाठ्यपुस्तकात तुम्ही 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असं शिकलात. साझाए नवऱ्याला 'आनाता' म्हणते तेव्हा तो 'तुम्ही' नाही, तो आपला 'अहो' आहे, अगदी त्याच सुरातला. आणि नामिहेई जावयाला 'मासुओ-कुन' म्हणतो. आपल्याकडे सासरा जावयाला 'अहो-जाहो' करतो, पहिलं ताट त्याचं. जपानी सासरा त्याला कचेरीतल्या कनिष्ठासारखं 'कुन' म्हणतो आणि त्यात अपमान नाही, आपुलकी आहे. हा फरक मनात धरला नाही तर नामिहेई विनाकारण उद्धट वाटत राहतो.

मासुओवर थोडं थांबते, कारण मराठी वाचकाला हे पात्र जपानी वाचकाइतकंच जवळून कळू शकतं. तो सासुरवाडीला राहतो. म्हणजे घरजावई? आपल्याकडे या शब्दाबरोबर एक विशिष्ट हसू येतंच. जपानीत सासरचं नाव लावून दत्तक जाणाऱ्या जावयाला 'मुकोयोशी' म्हणतात, आणि मासुओ तो नाही. त्याचं आडनाव फुगुताच आहे, बायकोचं आणि ताराचंही फुगुता, फक्त घराच्या पाटीवर सासऱ्यांचं आडनाव, इसोनो. सासुरवाडीला येण्याचं कारणही हासेगावा यांनी झकास दिलंय: भाड्याच्या घरात असताना मासुओने जळणासाठी मालकाचं लाकडी कुंपणच करवतीने कापलं आणि घर सोडावं लागलं. युद्धानंतर नव्याने आलेल्या कायद्यांनी घराण्याच्या कर्त्या पुरुषाची जुनी सत्ता 1947-48 मध्ये संपवली, आणि त्याच सुमारास मासुओ आपलं आडनाव टिकवून सासूच्या हातचं जेवतो आहे. पुढे 'मासुओ-सान' हा शब्दच जपानीत सासुरवाडीला राहणाऱ्या नवऱ्यासाठी रूढ झाला. आपला घरजावई मात्र अजून टोमणाच आहे.

(नावांचं बघितलंत ना? सगळी समुद्रातली. साझाए हा शंखातला जीव, कात्सुओ आणि मासुओ मासे, तारा म्हणजे कॉड मासा, साझाएची धाकटी बहीण वाकामे म्हणजे खाण्याचं समुद्रशेवाळ, आई फुने म्हणजे होडी, नामिहेईतली 'नामी' म्हणजे लाट, इसोनोतला 'इसो' म्हणजे खडकाळ किनारा. फुकुओकाच्या मोमोची किनाऱ्यावर फिरताना ही नावं सुचली असं सांगतात. मालवणात कुणी सुरमई वहिनी आणि बांगडे भाऊजी असं बिऱ्हाड मांडावं तसं. आणि हो, तारा हा मुलगा आहे, वर्गात दर वर्षी कुणीतरी त्याला फ्रॉक घालतंच.)

आता मुख्य मुद्दा, वाचायचं कसं. चार चौकटींना जपानीत 'योनकोमा' म्हणतात, आणि त्यांची बांधणी 'की-शो-तेन-केत्सु' अशी सांगतात: सुरुवात, पुढची पायरी, वळण, शेवट. मूळ ही चिनी चार ओळींच्या कवितेची चाल. आपण कोटीची सवय असलेली माणसं, म्हणून सगळं लक्ष चौथ्या चौकटीवर ठेवतो. गाठ मात्र तिसऱ्यात असते. चौथी बऱ्याचदा नुसती मान वळवून उभी असलेली आकृती असते, तिच्यात वाचायला काहीच नसतं. तुम्ही तिथे शब्द शोधत बसता.

एक उदाहरण देते. मूळ पानाचा फोटो टाकणार नाही. हासेगावा यांच्या बाजूने हक्कांबाबत कडक भूमिका राहिली आहे. एका बस कंपनीने आपल्या गाड्यांवर साझाए, कात्सुओ आणि वाकामेचे चेहरे रंगवले, तेव्हा 1976 मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तेही हक्कभंगच ठरवलं, जरी ते चेहरे कुठल्या एका विशिष्ट चौकटीतून उचललेले नव्हते. म्हणून मी वर्गात फळ्यावर काढते ती माझीच पट्टी सांगते, धाटणी तेवढी जुन्या काळची.

पहिली चौकट: घरात बाई एकटी, दाराबाहेर पावलांचा आवाज. दुसरी: ती घाईने नवऱ्याचे मोठे बूट आणून दारातल्या पायरीवर ठेवते. तिसरी: दार सरकतं, पेटीवाला माणूस खाली बुटांकडे बघतो. चौथी: तो पेटीतून बुटांच्या नाड्या काढून पुढे करतो.

फळ्यावर ही काढली की अर्धा वर्ग कोरा. 'तिने बूट का ठेवले?' असं कुणीतरी विचारतं. उत्तर एका शब्दात आहे: 'ओशिउरी'. दारोदार फिरून दमदाटीने रबराचा इलॅस्टिक आणि असल्या फुटकळ वस्तू गळ्यात मारणारा माणूस. त्या काळच्या व्यंगचित्रांत तो पदोपदी भेटतो, साझाएच्या दारातही. घरात पुरुष आहे असं भासवायला बायका मोठे बूट दारात ठेवायच्या. एवढं कळलं की तिसऱ्या चौकटीत आपल्याला वाटतं, आता हा पळणार. आणि चौथीत तो गिऱ्हाईकाची गरज ओळखतो. चपला दाराबाहेर काढणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच लागायला हवं, पण ओशिउरी माहीत नसेल तर सगळं फुकट.

शब्दांवरची गंमत अशी दुसरी. याच माणसाला बाई म्हणते, 'केक्को देसु'. शब्दकोशात 'केक्को'चा अर्थ 'छान' आणि व्यवहारात 'नको'. चलाख विक्रेता पहिला अर्थ धरतो आणि पैशांसाठी हात पुढे करतो. हे मराठीत कसं आणायचं यावर एकदा वर्गात वीस मिनिटं घासाघीस झाली. 'छान', 'पुरे', 'बरं' सगळं करून झालं. मागच्या बाकावरून नाशिकची एक मुलगी म्हणाली, 'राहू द्या.' बाई म्हणते 'राहू द्या' आणि हा इलॅस्टिकचं बंडल उंबऱ्यावर ठेवून देतो. मला त्या दिवशी वर्ग सोडून घरी जावंसं वाटलं, शिकवायला काही उरलंच नव्हतं.

आता काय करावं, हे तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. परीक्षेची तयारी हा हेतू असेल तर साझाएचं पुस्तक बाजूला ठेवा. त्यातली भाषा तुम्हाला टोकियोच्या कचेरीत जुनाट दाखवेल. त्यापेक्षा 'योमिउरी शिंबुन'मधली उएदा मासाशी यांची 'कोबो-चान' घ्या, 1982 पासून चालू आहे, आजी-आजोबांसकट घर आहे आणि भाषा आजची. कान तयार करायचे असतील तर साझाएचीच टीव्ही मालिका बघा. 5 ऑक्टोबर 1969 ला सुरू झाली, रविवारी संध्याकाळी साडेसहाला, अजून चालू आहे, आणि सगळ्यांत दीर्घकाळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. उच्चार स्वच्छ, आजोबा-आजी-जावई-नातू प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा वेगळी, घरातलं आदरार्थी बोलणं शिकायला याहून बरं साधन मला ठाऊक नाही. उद्या सोमवार या विचाराने जपानी माणसाला ती लागली की जो उदासपणा येतो, त्याला 'साझाए-सान शोकोगुन' असं नावच आहे. शोकोगुन म्हणजे आजाराची लक्षणं.

पण मालिका बघून पुस्तक कळेल असं समजू नका. मालिकेतलं घर मऊ आहे, तिथे फार काही बिघडत नाही. वर्तमानपत्रातली साझाए तिखट आहे. तिथे चोर शिरतात, पैसे संपतात, पुढाऱ्यांना चिमटे बसतात. मला विचाराल तर मालिका चांगली आहे, पट्टी थोर आहे.

तेव्हा पुस्तकच वाचायचं असेल तर रेशनचा खंड सध्या मिटून ठेवा. 1960 च्या दशकातला खंड मिळवा. टीव्ही, फ्रिज, कचेरीची गर्दी, पगाराचा दिवस हे तुम्हाला अनोळखी नाही. संदर्भ कमी अडतात आणि बांधणीवर लक्ष राहतं. तिथून मागे सरका. जपानी-इंग्रजी द्वैभाषिक आवृत्तीही बारा खंडांत निघालेली आहे, ग्रंथालयात सापडली तर आधाराला ठेवा, पण आधी जपानी वाचा. इंग्रजीत हाका सगळ्या सपाट होतात, ओनीचानचा नुसता 'कात्सुओ' होतो.

आणि एक यांत्रिक सूचना, हसू नका: उभ्या पट्ट्या शेजारी-शेजारी छापलेल्या असतील तर उजवीकडची आधी, वरून खाली, मग डावीकडची. एका स्मरणिकेत आमच्या विद्यार्थ्याची पट्टी मांडणाऱ्याने डावा स्तंभ आधी धरला. शेवट आधी आणि सुरुवात नंतर. गंमत म्हणजे तीन वाचकांनी आवडल्याचं कळवलं, 'जपानी विनोद असाच गूढ असतो' म्हणून.

तुमच्या चाळीस पानांपैकी सगळ्यांत कोरडी वाटलेली एक पट्टी निवडा. संवाद झाका, काळ ओळखा, मग तिच्या तिसऱ्या चौकटीत काय दिसतंय ते तीन-चार ओळींत मराठीत लिहून इथे टाका. चौथी लिहू नका.